गोळी कुठली ते सांगते, पण आधी डॉक्टरांशी काय बोलायचं ते ऐका

गोळी कुठली घेतेस हे विचारणारे फोन बरेच येतात. मालवणातून येतात, कुडाळहून येतात, परवा तर माहेरच्या गावातल्या एका काकूंच्या सुनेने मुंबईहून केला, आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य तेच, "अगं तुला पण तेच आहे ना, फायब्रो का काय ते, मग गोळीचं नाव पाठव ना." डॉक्टरांशी काय काय बोललीस हे मात्र कोणी विचारत नाही. आणि मला विचाराल तर ह्या आजारात निम्मं काम तिथेच होतं, डॉक्टरांच्या समोर बसून बोलताना, कारण ह्यात दाखवण्यासारखं काही नसतंच. हाड मोडलं तर एक्सरेत दिसतं, थायरॉईड असेल तर रक्तात दिसतं, फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखण्याचा हा आजार, कशातच दिसत नाही. तुम्ही जे सांगाल तोच रिपोर्ट. म्हणून आज गोळ्यांवर पण लिहिणार आहे पण आधी बोलण्यावर.

ज्यांना माझं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मालवणपासून जरा पुढे किनाऱ्याला आमचं घर, पर्यटकांसाठी खोल्या काढल्यात आणि जेवणाचं सगळं माझ्याकडे. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, पोटऱ्या असं सगळीकडे दुखतं, कधी ठणका तर कधी नुसती आग, कुणी प्रेमाने खांद्यावर हात ठेवला तरी नको होतं. रात्रभर झोपून पण सकाळी उठताना थकवा तसाच. आणि डोकं इतकं जड असतं की पाहुण्यांनी सुरमई सांगितली की बांगडा हे स्वयंपाकघरात पोचेपर्यंत विसरायला होतं. सासूबाईंचं म्हणणं, "दिसाक तर धडधाकट दिसतंस, मगे दुखता खंय?" त्यांनी देवाला गाऱ्हाणं घालून झालं, नजर उतरवून झाली, आणि त्यात त्यांची माया होती त्यामुळे मी काही बोलले नाही. पण हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे बघून मणके ठीक सांगितले, दुसऱ्या एका ठिकाणी रक्त तपासलं ते पण ठीक, आणि मग ते वाक्य आलं, "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका." ज्यांनी हे ऐकलंय त्यांनाच कळेल की नॉर्मल रिपोर्टचा पण राग येऊ शकतो.

मला वाट दाखवली ती आमच्या बाजारातल्या डॉक्टरांनी. साधे एमबीबीएस, आमच्या घरातल्या तीन पिढ्यांचा ताप बघितलेले. ते म्हणाले मला शंका आहे ती बरोबर आहे का बघायला संधिवाताच्या डॉक्टरांकडे जाऊन या, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट. आता आमच्याकडे असा स्पेशालिस्ट गाठायचा म्हणजे एकतर खाली गोव्याला नाहीतर घाट चढून कोल्हापूरला, आणि पावसात घाटात दरड आली की तेही राहिलं. मी कोल्हापूर निवडलं कारण नणंद तिथे आहे. निघायच्या आधी आमच्या डॉक्टरांनी एक सांगितलं ते मला अजून उपयोगी पडतंय, म्हणाले, "तुमची ही जाडजूड फाईल तिथे कोणी पानं उलटून वाचणार नाही, वेळच नसतो. एका कागदावर लिहून न्या. कधीपासून, काय करता येईनासं झालंय, कुठकुठली औषधं खाऊन झाली त्यातली कुठली लागू पडली कुठली नाही, आणि तुम्हाला काय विचारायचंय. मागची बाजू कोरी ठेवा, तिथल्या मॅडम सांगतील ते लिहायला."

तर तो कागद. त्यातली सगळ्यात कामाची ओळ कुठली ठरली तर "काय करता येत नाही" ही. कोल्हापूरच्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला शून्य ते दहामध्ये दुखणं किती, मी म्हटलं सात. त्या म्हणाल्या, "बरं, सात म्हणजे काय करता येत नाही ते सांगा." मग मी कागद बघून सांगितलं की आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून दोन नारळ खवले की उजवा हात खांद्यापासून कामातून जातो, बोअरची मोटर बंद पडली तर विहिरीचं पाणी मला शेंदता येत नाही, एसटीत उभं राहून कणकवलीपर्यंत जाणं बंद झालंय, आणि संध्याकाळी सातनंतर कोणी काही सांगितलं तर डोक्यात शिरत नाही. हे त्यांनी लिहून घेतलं. सात हा आकडा पुढच्या खेपेला पण सातच असू शकतो पण दोन नारळांचे चार झाले तर तो फरक दोघांनाही कळतो. आकडा विचारतात तर द्या, त्याच्यामागे एक रोजचं काम जोडून द्या एवढंच.

नवरा बरोबर होता. सोबत कोणीतरी हवंच कारण ह्या जड डोक्याने तिथलं सगळं लक्षात राहत नाही, पण सोबत आलेल्या माणसाचं एक होतं की आपल्याला विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं तोच द्यायला लागतो. "नाही नाही झोप चांगली लागते तिला, घोरते पण." मॅडम हसल्या आणि म्हणाल्या त्यांना बोलू द्या, आणि मग त्या घोरण्यावरच अर्धा डझन प्रश्न विचारले, श्वास अडकतो का, मध्येच दचकून जाग येते का, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते का. झोपेत श्वास अडकण्याचा वेगळा आजार असेल तर नुसत्या त्यानेपण सकाळी असाच थकवा असतो म्हणे, म्हणून तो आधी बाजूला काढायचा असतो. तेव्हा नवऱ्याला घेऊन जा, बोलू पण द्या, पण आपलं झाल्यावर.

मला वाटलं होतं दाबून दाबून बघतील. पूर्वी तसंच होतं, १९९० च्या अमेरिकन निकषांत अंगावरच्या ठरलेल्या १८ जागा दाबून त्यातल्या ११ दुखल्या तर फायब्रोमायल्जिया म्हणायचे. २०१० मध्ये ते बदललं आणि २०१६ मध्ये परत सुधारलं. आता एक माणसाचं चित्र देतात, पुढून आणि मागून, त्यात १९ भाग, जबडा खांदे दंड असे उजवे डावे वेगळे, आणि गेल्या आठवड्यात कुठे कुठे दुखलं त्यावर खुणा करायच्या. मग थकवा, उठल्यावर ताजंतवानं न वाटणं आणि लक्ष न लागणं ह्यांना प्रत्येकी शून्य ते तीन मार्क, शिवाय डोकेदुखी, ओटीपोटात दुखणं आणि मन उदास असणं ह्यांचा प्रत्येकी एक, असे मिळून १२. दुखऱ्या जागा ७ किंवा जास्त आणि दुसरा आकडा ५ च्या वर किंवा ५, नाहीतर जागा ४ ते ६ पण दुसरा आकडा निदान ९. दुखणं अंगाच्या एकाच बाजूला नको, सगळीकडे पसरलेलं हवं, आणि सगळं तीन महिने तरी चाललेलं हवं. मी हे सगळं सांगतेय कारण बऱ्याच जणींना वाटतं डॉक्टरांनी हात पण लावला नाही, नुसते प्रश्न विचारले आणि आजाराचं नाव दिलं. (माझ्या मॅडमनी हात लावला, सांधे एकेक तपासले, सूज आहे का बघितली, ते वेगळं. ते करायलाच हवं.)

अजून एक, हे सांगायलाच हवं कारण फोनवर नेहमी निघतं. "मला थायरॉईड आहे मग मला फायब्रो नसेल ना?" किंवा "माझा आमवात निघाला म्हणजे ते नाही." असं नाहीये. २०१६ च्या निकषांत स्पष्ट आहे की दुसरा आजार असला तरी हा असू शकतो, दोन्ही एकत्र नांदतात. पण दुसरा काही आहे का हे आधी बघायचं, म्हणून रक्त तपासायचं. माझं हिमोग्लोबिन वगैरे, सुजेच्या ईएसआर आणि सीआरपी, थायरॉईडची टीएसएच, व्हिटॅमिन डी, बी-१२, साखर आणि स्नायूंची एक सीके म्हणून टेस्ट एवढं बघितलं. मी विचारलं एएनए करू का, शरीर स्वतःवरच उलटलंय का ते बघायची रक्ताची टेस्ट, कारण एका मैत्रिणीने सांगितलं होतं ती मोठी टेस्ट असते. मॅडम म्हणाल्या लक्षणं नसताना करू नका, धडधाकट माणसांची पण ती थोडीफार पॉझिटिव्ह येते आणि मग तुम्ही रात्रभर मोबाईलवर वाचत बसाल. वाचत बसलेच असते, त्यामुळे गप्प बसले.

बरं हे दुखतं का मग, काही झालेलंच नाही तर? ह्याचं उत्तर मला कोल्हापुरात मिळालं पण कळलं ते परत आल्यावर आमच्या बाजारातल्या डॉक्टरांकडे. त्यांची स्वतःची हापूसची कलमं आहेत देवगडकडे. ते म्हणाले, "हंगामात बागेत राखणदार ठेवतो ना आपण वानरांसाठी, वानर दिसला की तो फटाका फोडतो. समजा तो इतका धसकलाय की आता पान पडलं तरी फटाका फोडतो. वानर आलेला नाही, आंब्याला धक्का लागलेला नाही, पण फटाका खराच वाजतोय की नाही?" मेंदू आणि मज्जारज्जू मिळून दुखण्याचा निरोप वाढवून सांगतात, असं ते आहे. जगभरातल्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये ह्या प्रकाराला वेगळं नाव पण दिलं, नोसिप्लास्टिक पेन, म्हणजे इजा नाही, नस तुटलेली नाही, पण वेदना सांभाळणारी यंत्रणाच बिघडलेली. हे ऐकल्यावर नवऱ्याने घरी येऊन सासूबाईंना स्वतःहून सांगितलं की आई हे मनाचं नाही आहे. माझ्या कुठल्याही गोळीपेक्षा त्या वाक्याने घरात जास्त फरक पडला असं मी खरंच म्हणेन.

आता गोळ्या. मॅडमनी रात्रीची अमिट्रिप्टिलिन लिहिली, अगदी बारीक डोस. मी मेडिकलमध्ये चिठ्ठी दिली तर तिथला मुलगा, ओळखीतलाच, भर दुकानात, "वयनी, ह्ये गोळये टेन्शनचे आसत ना?" मागे शेजारच्या दोघीजणी उभ्या. गावात राहणाऱ्यांना सांगायला नको की संध्याकाळपर्यंत ही बातमी कुठपर्यंत गेली असेल. त्यामुळे माझं आता असं मत झालंय की ही चर्चा चिठ्ठी हातात घ्यायच्या आधीच डॉक्टरांसमोर व्हायला हवी. सरळ विचारा, ही गोळी मूळची कशाची, मला कशासाठी देताय? मी पुढच्या खेपेला विचारलं तर मॅडम अजिबात रागावल्या नाहीत, उलट नीट समजावलं, की मेंदूतून खाली जाणारे जे मार्ग दुखणं दाबून धरतात ते सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनवर चालतात, ही औषधं ती वाढवतात, डिप्रेशनमध्ये पण तीच उपयोगी पडतात म्हणून नाव तसं. आणि अमिट्रिप्टिलिनचा दुखण्यासाठीचा डोस डिप्रेशनच्या डोसपेक्षा बराच कमी असतो. आता मेडिकलमधल्या मुलाला मी सांगते "दुखण्याची आणि झोपेची", संपलं.

बाकीच्या ज्या गोळ्यांची नावं तुम्ही ऐकता त्यात प्रीगाबालिनला एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी खात्याने, ह्या आजारासाठी २००७ मध्ये मान्यता दिली, ड्युलॉक्सेटिनला २००८ मध्ये, मिलनासिप्रानला २००९ मध्ये, आणि मग इतक्या वर्षांनी २०२५ मध्ये जिभेखाली ठेवायच्या सायक्लोबेंझाप्रिनला. अमिट्रिप्टिलिन ह्या यादीत नाही पण जुनी आहे, स्वस्त आहे, आणि डॉक्टर खूप वापरतात. प्रत्येकीचं काहीतरी आहेच. अमिट्रिप्टिलिनने तोंड सुकतं, पोट साफ होत नाही, सकाळी झापड येते. ड्युलॉक्सेटिनने सुरवातीला मळमळतं. प्रीगाबालिनने गरगरतं, झोप येते, वजन वाढतं, पाय सुजतात. मी अमिट्रिप्टिलिनवर काही महिने काढले, झोप सुधारली पण दुखणं फारसं हललं नाही, मग प्रीगाबालिन आली. हे माझं झालं, तुमचं वेगळं असेल, म्हणूनच मी नाव पाठवून मोकळी होत नाही.

त्यापेक्षा हे विचारा, ही गोळी लागू पडली असं कधी म्हणायचं आणि नाही पडली तर बंद कधी करायची? गोळी सुरू करतानाच विचारा. कारण मला वाटत होतं गोळी म्हणजे दुखणं जाणार. मॅडमनी सांगितलं ह्या औषधांच्या अभ्यासात दुखणं ३० टक्के कमी झालं तरी बऱ्यापैकी फरक मानतात आणि ५० टक्के झालं तर चांगलाच, आणि तेवढा फरक सगळ्यांना पडत नाही. ठरवलेल्या मुदतीत काहीच फरक नाही तर ती गोळी ओढत राहण्यात अर्थ नाही. पण आपल्या मनाने एकदम तोडायची पण नाही, ड्युलॉक्सेटिन आणि प्रीगाबालिन दोन्ही हळूहळू उतरवावी लागतात, एकदम बंद केली तर त्रास होतो. आणि ब्रँड न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून मागा, जनऔषधी केंद्रात खिशाला खूप फरक पडतो, ह्यासाठी डॉक्टरांसमोर लाजायचं काही कारण नाही.

पेनकिलर. आपल्याकडे अंग दुखलं की मेडिकलमधून दोन गोळ्या सुट्ट्या आणायच्या ही पद्धतच आहे, भातलावणीच्या दिवसात तर काय विचारू नका. सुजेवर काम करणाऱ्या त्या गोळ्या ह्या दुखण्यात फारशा चालत नाहीत कारण इथे सूज नसतेच, आणि रोज खाल्ल्या तर पोट आणि किडनी दोन्हीला त्रास. स्टेरॉइडचा पण ह्यात उपयोग नाही. म्हणून डॉक्टरांना सगळं सांगा, खरंच सगळं. काढा, चूर्ण, तेल, आणि कोणीतरी ओळखीच्याने आणून दिलेली ती लेबल नसलेली पुडी पण. तसल्या सांधेदुखीच्या काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, त्यामुळे ती खाल्ली की दोन दिवसांत उड्या मारायला होतं आणि मग माणूस म्हणतो बघा गुण आला. शिवाय काही जोड्या धोक्याच्या असतात, ट्रॅमाडॉल ही जोरदार पेनकिलर आणि ड्युलॉक्सेटिन एकत्र घ्यायची असेल तर डॉक्टरांना माहीत असल्याशिवाय नाहीच. दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी चिठ्ठी दाखवा.

व्यायामावरून मात्र माझं आणि मॅडमचं जरा वाजलं. त्या म्हणाल्या ह्या आजारात सगळ्यात भक्कम पुरावा व्यायामाला आहे, युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सगळे उपाय तपासून शिफारशी काढल्या त्यात ठामपणे करा असं फक्त व्यायामालाच म्हटलंय, गोळ्यांना नाही. मी म्हटलं मॅडम मी सकाळी पाचला उठते, पाणी भरते, मासे साफ करते, वीस माणसांचं जेवण करते, अजून व्यायाम कसला करू? हा प्रश्न आपल्याकडची प्रत्येक बाई विचारेल आणि मला वाटतं बहुतेक डॉक्टर इथे हसून पुढे जातात. त्या थांबल्या. म्हणाल्या तुमचं काम म्हणजे तेच तेच चार स्नायू, वाकून, घाईत, थांबायची मुभा नाही. व्यायाम म्हणजे तुम्ही ठरवणार किती, तुम्ही ठरवणार कधी थांबायचं, आणि आठवड्यागणिक थोडं थोडं वाढवणार. सुरवात इतकी कमी करा की तुम्हालाच हसू येईल. तर मी घरापासून तिठ्यापर्यंत आणि परत, एवढंच धरलं. खरंच हसू आलं. किनाऱ्यावर चालायचं तर कोरड्या वाळूत नको, पोटऱ्या भरून येतात, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ओली घट्ट वाळू लागते तिथून चाला. कोमट पाण्यातला व्यायाम चांगला असं पण म्हणाल्या, आता इथे कोमट पाण्याचा तलाव कुठून आणू, समुद्र समोर आहे पण तो काय फिजिओच्या ऐकण्यातला नाही.

व्यायामापेक्षा मला कठीण गेलं ते बऱ्या दिवशी थांबणं. बरं वाटलं की मागचं सगळं उरकून टाकायचं, गोधड्या धुवायच्या, माळा झाडायचा, आणि मग पुढचे दिवस अंथरुणात. ह्यासाठी मी मॅडमना चतुर्थीचं विचारलं. सिंधुदुर्गातली चतुर्थी काय असते ते घाटावरच्या माणसाला समजावणं हा एक कार्यक्रमच झाला. त्यांना वाटलं गणपती म्हणजे दीड दिवस मोदक आणि आरती. मी सांगितलं की आधी सगळं घर सारवून रंगवून, गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधायची, मुंबईकर सगळे घरात, पन्नास करंज्या म्हणजे सुरवात, आणि रात्री भजनी मंडळं येतात ती कधी येतील सांगता येत नाही, एक-दीड वाजता आली तरी उसळ आणि चहा गरम हवा. त्या ऐकतच बसल्या. मग म्हणाल्या, झोपेचं खोबरं होणार हे धरूनच चालूया. (खोबरं हा शब्द त्यांनी वापरला, मी नाही.)

मग काय ठरलं ते सांगते कारण लग्नकार्य, मे महिना, कुठल्याही गडबडीला हेच लागू होतं. चतुर्थीच्या तोंडावर कुठलीही गोळी नवीन सुरू करायची नाही, डोस बदलायचा नाही आणि धावपळीत रात्रीची गोळी चुकवायची नाही. नारळ मशीनवर, आडाळ्याला हात नाही. मोदक वळायला ओट्याजवळ उंच स्टूल, खाली मांडी घालून नाही. उभ्याचं काम झालं की बसायचं काम, तेच काम सलग नाही. भजनाची रात्र जावेने आणि मी आलटून पालटून वाटून घ्यायची आणि ज्या रात्री माझी पाळी नाही त्या रात्री दार लावून झोपायचं, पाहुणे काय म्हणतील ते म्हणोत. आणि विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी भांडी घासून माळ्यावर चढवायचा जो उत्साह असतो तो ठेवायचा गुंडाळून, ते दिवस हलकेच ठेवायचे. जाऊबाईंना हे मी सांगितलं असतं तर वेगळं वाटलं असतं, डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर कोणी काही बोललं नाही. डॉक्टरांच्या शब्दाचा असाही उपयोग करून घ्यावा.

मन कसं असतं, रडू येतं का, जगू नये असं वाटतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला टोचलं, म्हटलं आली परत गाडी टेन्शनवर. पण विचारण्यात आणि ढकलण्यात फरक असतो. वर्षानुवर्षं दुखलं तर मन खचतं आणि मन खचलं की दुखणं अजून जाणवतं, दोन्हीकडून बघायला हवं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. खोटं उत्तर देऊ नका इथे. बोलून करायची एक उपचार पद्धत असते, सीबीटी, तिचा ह्या दुखण्यात थोडाफार उपयोग होतो. आमच्या बाजूला तसं शिकलेलं माणूस मिळणं कठीण, पण फारच खचल्यासारखं झालं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे.

आणि एक भीतीचं. नाव मिळालं की दुसरा धोका सुरू होतो, सगळंच त्याच्या नावावर खपवायचा, आपण पण आणि डॉक्टर पण. म्हणून मी विचारून घेतलं की कुठल्या गोष्टीला मी घरी थांबायचं नाही. सांधा खरोखर सुजला, लाल झाला, ताप आला, कारण नसताना वजन उतरायला लागलं, हातापायातली ताकद गेली, पाय बधिर होऊन लघवीवरचा ताबा सुटला, तर ते फायब्रो नव्हे, लगेच दाखवायचं. आमच्याकडे पावसाळ्यात चिकनगुनिया असतो, त्यात सांधे महिनोन्‌महिने धरतात, ते पण वेगळं सांगायचं, ताप कधी आला होता त्या तारखेसकट. लेप्टोच्या, म्हणजे उंदरांमुळे पसरणाऱ्या तापाच्या, दिवसात ताप आणि पोटऱ्या दुखणं तर बिलकुल अंगावर काढायचं नाही.

बरं होईल का, हा प्रश्न मी शेवटी विचारला, दारात उभी राहून, जसा सगळेच विचारतात. मॅडमनी परत बसवलं. म्हणाल्या पूर्ण जाईल असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. पण ह्याने सांधे वाकडे होत नाहीत, हाड झिजत नाही, आतून काही खराब होत नाही, आणि बऱ्याच जणी ह्याला सांभाळत कामधंदा करतात. पावसात वाढतं का, तर मला वाढतं, अभ्यासात मात्र त्यावर एकमत नाही म्हणे. असो, एकमत होईपर्यंत मी पाऊस सुरू झाला की गरम पाण्याने शेकते.

सध्या कागदाच्या मागच्या बाजूला पुढच्या खेपेसाठी दोन गोष्टी लिहिल्यात. प्रीगाबालिनने वजन वाढलंय आणि संध्याकाळी पाय सुजतात, तर ती कमी करून बघता येईल का, आणि कमी करायची तर किती आठवड्यांत. दुसरं, चालणं आता तिठ्याच्या पुढे देवळापर्यंत गेलंय, तर त्यात हाताचा व्यायाम कधी घालायचा. मध्ये काही लागलं तर आमचे बाजारातले डॉक्टर आहेत, ते मॅडमशी फोनवर बोलून घेतात, प्रत्येक वेळी घाट चढावा लागत नाही. दिवाळीची गर्दी ओसरली की जाऊन येते, मे महिन्याचं बुकिंग सुरू व्हायच्या आत गोळीचा बदल होऊन जायला हवा.